मटण घरात शिजते, मग हिचे रक्त कमी का?

आषाढ सुरू झाला की आमच्या दवाखान्यातील गर्दीचा रंग थोडा बदलतो. सर्दी-तापाचे रुग्ण असतातच. त्यांच्या जोडीला सोमवारी सकाळी पोट बिघडलेले, पित्ताने हैराण झालेले आणि "काल जरा जास्तच झालं, डॉक्टर" असे हसत सांगणारे लोक येऊ लागतात. श्रावण तोंडावर आलेला असतो, तेव्हा आखाड साजरा करून घेण्याची सर्वांनाच घाई असते. मी स्वतः मांसाहार करणारा आहे. त्यामुळे या लेखात 'मटण सोडा' असा उपदेश वाचावा लागेल, अशी भीती वाचकांनी बाळगू नये. मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे आहे, आणि ते एका जोडप्याच्या निमित्ताने सांगतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत हे दोघे माझ्याकडे आले. सोबत सासूबाईही होत्या. नवरा पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला, पोट पुढे आलेले. बायको छत्तीस वर्षांची. जिना चढून आली तर बोलण्याआधी तिला दोन मिनिटे दम घ्यावा लागला. छातीत धडधड, पायात गोळे, केस गळणे, कामात लक्ष न लागणे अशा तक्रारी होत्या. खोदून विचारल्यावर तिने हळूच सांगितले की तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकल्याशिवाय तिला राहवत नाही. ही खूण आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची असते. रक्तातील लोह कमी झाले की अनेकांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात.

दोघांचेही रक्त तपासले. दुसऱ्या दिवशी दोन्ही रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होते. तिचे हिमोग्लोबिन ८.२. बाईमाणसाचे ते निदान १२ असायला हवे. त्याचे हिमोग्लोबिन १५, पण कोलेस्टेरॉल २४८ आणि ट्रायग्लिसराइड ३१०. एकाच छताखाली, एकाच पातेल्यातले जेवणाऱ्या दोघांचे आजार दोन टोकांचे!

नवऱ्याने रिपोर्ट पाहिला आणि तो जरा दुखावलाच. म्हणाला, "डॉक्टर, दर रविवारी एक किलो मटण घरात येतंय. खाण्यापिण्यात काही कमी ठेवली नाही. मग हिचं रक्त कमी कसं?"

प्रश्न अगदी योग्य होता. मी उत्तर न देता त्या बाईंनाच विचारले, "वहिनी, गेल्या रविवारी तुमच्या ताटात किती फोडी आल्या होत्या?"

त्यांनी आधी सासूकडे पाहिले, मग म्हणाल्या, "एक नळी होती. मी मागनं बसते ना जेवायला."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "तिला फोडी आवडतच नाहीत, डॉक्टर. रस्सा-भात आवडतो. आणि सगळं सत्त्व रश्शातच उतरतं की!"

वाचकहो, त्या माउलीच्या मनात काहीही वाईट नव्हते. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितले होते आणि त्यांनीही आयुष्यभर रस्साच खाल्ला होता. पण हा समज चुकीचा आहे, आणि आपल्या कितीतरी घरांत तो बाईच्या ताटातील फोड काढून घेतो. म्हणून आज त्याचाच विचार करू.

रश्शात काय उतरते?

मटण शिजवले की त्याचा वास, चव, मीठ, मसाल्याचा अर्क आणि वितळलेली चरबी रश्शात येते. हाडांतील चिकट पदार्थ, ज्याला जिलेटीन म्हणतात, तोही थोडा उतरतो. त्यामुळे अळणी पाणी किंवा पायाचे सूप प्यायल्यावर तरतरी वाटते, घसा शेकतो. आजारी माणसाला पोटात काहीतरी ऊन गेल्याचे समाधान मिळते. हे सगळे खरे आहे. पण ज्यासाठी आपण मटण विकत आणतो ती प्रथिने आणि लोह बव्हंशी फोडीतच राहतात. पायाच्या सुपात हाडातील कॅल्शियम उतरते असेही मानतात. प्रत्यक्षात तेही फारच थोडे उतरते.

नळीचेही तसेच. नळीतील मगज चवीला उत्तम, पण तो मुख्यतः चरबी असतो. ताटात नळी आली म्हणजे मटण मिळाले, असे शरीर मानत नाही.

आता फोडीत काय असते ते पाहू. बकऱ्याच्या १०० ग्रॅम कच्च्या, बिनहाडाच्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम लोह असते. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व असते, जे भाजी-भाकरीत जवळजवळ नसते आणि ज्याच्याशिवाय रक्तपेशी नीट तयार होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, लोह तर बाजरीत आणि पालेभाज्यांतही असते. असते, चांगले असते. पण ते आतड्यातून रक्तात शोषले जाताना मोठी गळती होते. धान्य-भाजीतील लोहापैकी पुष्कळदा दहा टक्क्यांहूनही कमी अंगी लागते. मांसातील लोहाचा एक मोठा भाग वेगळ्या प्रकारचा असतो. त्यातील साधारण १५ ते ३५ टक्के शोषला जातो, आणि सोबत खाल्लेल्या भाकरी-भाजीतले लोह शोषायलाही मांस मदत करते. म्हणजे ताटात दोन फोडी असतील तर त्या भाकरीचीही किंमत वाढवतात. नुसता रस्सा हे काम करू शकत नाही.

गरज कुणाला जास्त?

बाईला दर महिन्याला पाळी येते. साधारण पाळीतही १५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तावाटे शरीराबाहेर जाते. अंगावरून जास्त जात असेल तर त्याच्या दुपटी-तिपटीने. गरोदरपण, बाळंतपण यांचा हिशोब निराळाच. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह, तर पाळी चालू असलेल्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. भूक पुरुषाची मोठी असेल, पण लोहाची गरज बाईची मोठी आहे.

आणि प्रत्यक्षात काय दिसते? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ते ६७ टक्के होते. आपला महाराष्ट्र सुधारलेला म्हणवतो, पण इथेही निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांचे रक्त कमी निघाले.

याचे सगळे कारण मटणाची वाटणी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक घरांत मटण शिजतच नाही, आणि ज्या घरांत आठवड्याला एकदा शिजते तिथेही एका जेवणाने रक्त भरत नाही. पण रविवारचे ताट हा आरसा आहे असे मला वाटते. ज्या घरात फोडी वाढताना बाई शेवटी येते, त्या घरात दूध, अंडे, फळ आणि पालेभाजी वाटतानाही तीच शेवटी येते. आठवड्याचे सात दिवस असेच चालते.

हे मी दुसऱ्यांच्या घराबद्दल लिहितो आहे असे नाही. माझी आईही 'मला रस्साच आवडतो' म्हणायची. मी एमबीबीएस होऊन घरी आलो तरी मला ते खरेच वाटत होते. पुढे एकदा वडील परगावी गेले होते आणि घरी आम्ही दोघेच जेवायला होतो. त्या दिवशी तिने चार फोडी अगदी चवीने खाल्ल्या. पुस्तकातून न कळलेली गोष्ट मला तेव्हा कळली. तिची आवड पातेल्यात किती उरले आहे, यावर ठरत होती.

एका किलोचा हिशोब

त्या जोडप्याला मी कागदावर हिशोब करून दाखवला, तो इथेही देतो. एक किलो मटणात हाडे वजा जाता साधारण ७०० ग्रॅम मांस निघते. घरात सात माणसे. म्हणजे प्रत्येकी १०० ग्रॅम. एका वेळेला माणसाला तेवढे भरपूर झाले. त्या घरात मात्र नवरा आणि त्याचा भाऊ मिळून अर्धे पातेले संपवत होते. आग्रहाने मुलांना वाढले जाई आणि सासू, सून व बारा वर्षांची मुलगी यांच्या वाट्याला रस्सा व हाडे येत होती.

म्हणजे मटण वाढवण्याची गरजच नव्हती. किलोचा भाव ७०० रुपयांच्या पुढे गेला असताना तसे सांगणे मला शोभलेही नसते. तेच मटण नीट वाटले तरी बायकोला हवे ते मिळणार होते आणि नवऱ्याला नको ते कमी होणार होते. एकाच पळीने दोघांचे औषध!

आता कुणी किती खावे, याचा थोडक्यात विचार करू.

पाळी सुरू झालेली मुलगी आणि पाळी चालू असलेली बाई यांच्या ताटात पहिल्या वाढण्यात तीन-चार बऱ्यापैकी फोडी पडल्या पाहिजेत. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिची उंची वाढते आणि पाळीही सुरू होते, त्यामुळे लोहाची मागणी एकदम वाढते. याच वयात तिला 'मुलीच्या जातीला इतकं कशाला' असे ऐकवले जाते, ते बंद व्हायला हवे.

गरोदर बाईने फोडी अवश्य खाव्यात, मात्र पूर्ण शिजलेल्या. अर्धवट शिजलेल्या मांसातून येणारे काही जंतू पोटातल्या बाळाला अपाय करतात. कलेजी मात्र गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत टाळलेली बरी. तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असते आणि त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो. एरवी रक्त कमी असलेल्या व्यक्तीने पंधरा दिवसांतून एखादे वेळी थोडी कलेजी खायला हरकत नाही. तिच्यातील लोह फोडीपेक्षा बरेच जास्त असते.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे अन्न सुरू करतो, तेव्हा मऊ शिजवून अगदी बारीक कुस्करलेले मांस किंवा अंडे थोडे थोडे देता येते. तिखटाचा रस्सा देऊ नये. लहान मुलांच्या घासात हाडाची कपची नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे.

दात नसलेल्या वडीलधाऱ्यांना आपण 'चावत नाही' म्हणून रस्सा देतो. त्यांच्यासाठी मूठभर खिमा वेगळा शिजवावा. म्हातारपणी दंड-मांड्यांतील मांस झडते, तोल जातो, पडझड होते. त्यांना प्रथिनांची गरज आपल्याइतकीच असते.

चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, रक्तदाब-मधुमेह असलेले पुरुष यांनी तीन-चार चरबी नसलेल्या फोडींवर थांबावे. बकरा, मेंढी यांसारखे लाल मांस आठवड्याला शिजलेले ३५० ते ५०० ग्रॅम यापुढे जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यापलीकडे आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भेजा, गुर्दा, चरबीचे तुकडे यांचा मोह टाळावा. त्या गृहस्थांच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडला एकटे मटण जबाबदार नव्हते. जेवणाआधीची 'बैठक', साखर आणि बसून काम यांचाही वाटा होता. हेही मी त्यांना बायकोसमोरच सांगितले.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात, त्यांनी मांसाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शिजवताना

आमच्या भागातील तांबड्या-पांढऱ्या रश्शाची चव मी कमी करायला सांगणार नाही. चार साध्या गोष्टी मात्र करता येतात.

खाटकाकडेच दिसणारी चरबी काढून घ्यावी. मटणाला स्वतःचे तेल सुटतेच, तेव्हा फोडणीचे तेल अर्ध्यावर आणावे. वाटणात सुके खोबरे, पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध, वर तेलाचा तवंग अशी तिहेरी भर हृदयाला जड जाते. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल तर खोबरे कमी करून कांदा, तीळ, खसखस यांवर वाटण दाट करावे आणि वरचा तवंग पळीने काढून टाकावा. रक्तदाबाच्या रुग्णासाठी मीठ बेताचे असावे.

ताटात लिंबाची फोड आणि कच्चा कांदा असण्याची आपली पद्धत फार शहाणपणाची आहे. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे भाकरी आणि भाजीतील लोह जास्त शोषले जाते. याउलट जेवल्यावर लगेच चहा घेतला की लोह आतड्यातच अडकते. चहाला किमान तासभर थांबावे. रक्त कमी असलेल्या बायकांनी तर हे अवश्य पाळावे. दिवसभर चहावर भूक मारण्याची सवय मी जितकी त्यांच्यात पाहतो तितकी कुणात पाहत नाही.

कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नये. शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर, चिरलेल्या कोथिंबिरीवर उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही. धुवायचीच असेल तर पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाणी जपून ओतावे. ज्या सुरीने वा विळीने कच्चे मांस कापले, तिने साबणाने धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नये. हातही साबणानेच धुवावेत. हाडाजवळचे मांस लाल राहिले असेल तर ते पुन्हा शिजवावे. खिमा दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा आणला त्याच दिवशी आणि पूर्ण शिजवावा.

उरलेला रस्सा कोण खातो?

आता सोमवारच्या गर्दीकडे वळतो. आखाडाच्या दिवशी मोठे पातेले होते. रात्री दहाला जेवणे आटोपतात. उरलेला रस्सा 'गरम आहे, निवू दे' म्हणून झाकून ओट्यावर तसाच राहतो. सकाळी तो एक उकळी आणून खाल्ला जातो. दुपारनंतर पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात.

यामागचे कारण समजून घ्या. मांसात असणारे काही जंतू उकळताना मरतात, पण त्यांची बीजे कवच धरून जिवंत राहतात. भले मोठे पातेले निवायला चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ रस्सा कोमट असतो, आणि ही बीजे फुटून जंतूंची संख्या भराभर वाढवायला कोमट रस्सा म्हणजे उत्तम जागा. असे अन्न पोटात गेल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. दुसऱ्या एका प्रकारचे जंतू वाढणाऱ्याच्या हातावरील जखमेतून किंवा पुळीतून अन्नात जातात आणि तिथे विष तयार करतात. ते विष तर नंतर कितीही उकळले तरी जात नाही. तेव्हा 'वास आला नाही' आणि 'उकळी आणली' या दोन्ही गोष्टींवर विसंबू नये.

उपाय सोपा आहे. जेवणे संपताच उरलेले मटण दोन-तीन उथळ भांड्यांत काढावे. ती परातीतल्या गार पाण्यात ठेवली की लवकर निवतात. दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये गेली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच काढून खळखळ उकळावे आणि ते संपवावे, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिज नसेल किंवा रात्री वीज जात असेल, तर बेताचेच शिजवावे आणि उरलेले सकाळपर्यंत ठेवू नये.

हे मी एवढे विस्ताराने लिहिले त्याला कारण आहे. हा शिळा रस्सा घरात कोण खातो, ते आठवून पाहा. नवरा डबा घेऊन कामावर गेलेला, मुले शाळेत गेलेली, आणि 'टाकवत नाही' म्हणून तो रस्सा चुरलेल्या भाकरीबरोबर खाते ती घरची बाईच. रात्री फोडी तिला मिळाल्या नाहीत, आणि सकाळी जुलाब मात्र तिच्या वाट्याला आले.

फोडी गोळ्यांची जागा घेत नाहीत

एक गोष्ट बजावून सांगतो. हिमोग्लोबिन ८ असेल तर ते नुसत्या मटणाने, बिटाने, खजुराने वा गुळाने भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. गोळीने शौच काळी होते, क्वचित मळमळते किंवा पोट साफ होत नाही, एवढ्यावरून घाबरून गोळ्या बंद करू नयेत. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. आणि मुख्य म्हणजे रक्त १२ वर आले म्हणून लगेच थांबू नये. शरीराची रिकामी झालेली कोठी भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात.

रक्त कमी होण्याचे कारणही शोधावे लागते. पोटातील जंत, मूळव्याध, अल्सर, बी-१२ ची कमतरता, अंगावरून जास्त जाणे यांपैकी काहीही असू शकते. आमच्या या वहिनींना गेले दीड वर्ष पाळीत फार रक्त जात होते आणि 'हे असंच असतं' म्हणून त्यांनी कुणाला सांगितलेच नव्हते. त्यांना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्या बाजूचे उपचारही सुरू झाले.

जे शाकाहारी आहेत, किंवा आता श्रावण पाळणार आहेत, त्यांनी महिनाभर मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी, तीळ, अळीव यांवर भर द्यावा, आणि प्रत्येक जेवणात लिंबू, पेरू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असावा. बी-१२ साठी दूध-ताक चुकवू नये. वाटणीचा नियम मात्र उसळीलाही तोच!

तीन महिन्यांनी ते तिघे पुन्हा आले. वहिनी जिना चढून आल्या आणि खुर्चीवर बसता बसताच बोलू लागल्या. हिमोग्लोबिन ११.१ झाले होते. कच्चे तांदूळ खावेसे वाटत नाहीत म्हणाल्या. नवऱ्याचे वजन चार किलो उतरले होते. मी विचारले, "मग रविवारी आता वाढतं कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "मीच. आधी सात वाट्या भरून घेते आन् मग हाक मारते सगळ्यांना. मी पण खाते दोन फोडी. खिमा झाला तर जास्त."

या सात वाट्यांची युक्ती मला माझ्या औषधांइतकीच उपयोगी वाटली. कुणाला 'तू कमी खा' म्हणावे लागत नाही, कुणाला 'मला हवे' म्हणावे लागत नाही. जेवायला बसण्याआधीच प्रत्येकाचा वाटा बाजूला निघालेला असतो. शेवटी बसणाऱ्या बाईची वाटीही झाकून तिची वाट पाहत असते.

येत्या रविवारी आखाडाचे पातेले चुलीवरून उतरले की घरातल्या माणसांइतक्या वाट्या मांडा आणि आधी त्या भरा. आणि घरातील बाई जिना चढताना थांबत असेल, तर सोमवारी तिला घेऊन दवाखान्यात या. हिमोग्लोबिनच्या तपासणीला बोटभर रक्त आणि पाच मिनिटे पुरतात.